मुख्य घ्राणाधिकारी

४ मार्च

आज वजनमापे कार्यालयाला रामराम ठोकला. उभी नोकरी दुकानदारांच्या तराजूखाली चिकटवलेलं मेण खरवडण्यात गेली. पोकळ वजनं, सैल काटे, लिटरच्या मापात आतून बसवलेला खोटा तळ, सगळं पकडलं. आता निवृत्ती तोंडावर आल्यावर सरकारला माझी आठवण झाली आहे. राज्याने हवा, पाणी आणि हवामान यांचं नवं धोरण आणलं आहे. त्याचं सातवं प्रकरण दुर्गंधावर आहे. धूर मोजायला यंत्र आहे, पाण्यातली घाण मोजायला यंत्र आहे, पण वासासाठी माणसाचंच नाक ग्राह्य धरावं, असं त्यात स्पष्ट म्हटलं आहे. म्हणून प्रत्येक विभागात तीन जणांची वासपरीक्षण समिती आणि तिच्या डोक्यावर एक मुख्य घ्राणाधिकारी. आमच्या विभागाचा तो मान मला मिळाला. ज्याला कोणी खोटं माप दाखवू शकलं नाही त्याच्याच हाती हे काम जावं, हे मला तरी योग्य वाटतं.

निवड संचालकसाहेबांच्या खोलीत झाली. साहेबांनी एकामागून एक तीन बाटल्यांची बुचं काढली आणि शून्य ते पाच यातला आकडा लिहायला सांगितला. शून्य म्हणजे वास नाही, पाच म्हणजे असह्य. तिसऱ्या बाटलीला रसायनशास्त्राचे एक प्राध्यापक तोंड दाबून बाहेर पळाले. आरोग्य खात्यातले गृहस्थ खिडकी उघडायला धावले आणि कडी निघेना म्हणून शिव्या देऊ लागले. शिपाई तर आधीच पसार झाला होता. मी जागचा हललो नाही. मला विशेष काही वाटलं नाही, पण बाटली रिकामी नसणार, म्हणून भिडेखातर एक लिहिला. साहेब रुमालाआडून माझ्याकडे कितीतरी वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "इतकं शांत नाक मी आजवर पाहिलं नाही."

घरी येऊन हिला सांगितलं तर ही हसतच सुटली. "तुम्ही? नाकाचे अधिकारी? अहो, परवा दूध करपून भांडं काळंठिक्कर पडलं आणि तुम्ही शेजारी बसून पेपर वाचत होता!" मी म्हटलं, मी पेपर लक्ष देऊन वाचतो. घरातल्यांना आपल्या माणसाची किंमत नसते, दुसरं काय.

११ मार्च

जिन्याखालची खोली मिळाली. दारावर पाटी लागली. पाटी खोलीपेक्षा किंचित मोठी आहे.

समितीत माझ्याखाली दोघं आहेत. एक चहापारखी बाई, चहाच्या कंपनीत चव घेण्याचं काम करायच्या. दुसरे अत्तरवाले, यांचं बाजारात जुनं दुकान आहे. दोघांनाही आपापल्या नाकाचा भारी अभिमान. बाई म्हणाल्या, कपावरचं झाकण काढलं की पान कुठल्या महिन्यात खुडलं ते मला कळतं. अत्तरवाले म्हणाले, गिऱ्हाईक दारात उभं राहिलं की त्याच्या घरातला साबण ओळखतो. मी दोघांनाही समजावलं की इथे पांडित्य नको, आकडा हवा. अति तीक्ष्ण नाक हे सैल काट्यासारखं असतं, माशी बसली तरी हलतं. दोघांनी एकमेकांकडे बघितलं.

तिघांचे आकडे जुळले नाहीत तर मुख्य घ्राणाधिकाऱ्याचा आकडा अंतिम, असा नियम आहे. मला तो फार आवडला.

आज जेवण पुन्हा अळणी वाटलं. गेल्या वर्षी मी तापाने पडलो होतो, तेव्हापासून हिच्या हाताची चव गेली आहे. माझ्या काळजीपोटी मसाला कमी घालत असेल. मी तक्रार करत नाही, वरून तिखट घेतो.

१९ मार्च

पहिलं प्रकरण आलं ते नेमकं ताईच्या वसाहतीचं. वसाहतीच्या मागे सरसचा कारखाना आहे. तिथे हाडं उकळून चिकटवायचा सरस काढतात आणि उरलेलं पाणी उघड्या टाक्यांत सोडतात, तिथून कालव्यात. संध्याकाळी वारा फिरला की सगळी वसाहत नासते, असं तक्रारीत लिहिलं आहे. खाली पहिली सही ताईची.

आता समितीने तीन महिने, महिन्यातून एकदा जाऊन आकडा लिहायचा. सरासरी तीनच्या वर गेली तर कारखान्याने टाक्यांवर झाकणं घालायची आणि धुराड्याला धूर धुऊन सोडणारं यंत्र बसवायचं. एकच्या खाली आली तर परिसराला 'दुर्गंधमुक्त' दाखला, आणि मग पाच वर्षं तिथली एकही तक्रार घ्यायची नाही. अध्येमध्ये राहिली तर पुन्हा तीन महिने. सोपं आणि स्वच्छ धोरण आहे.

मी साहेबांना आपण होऊन सांगितलं की तक्रारदार माझी सख्खी बहीण आहे, तेव्हा हे प्रकरण दुसऱ्या विभागाकडे द्यावं. आई गेल्यावर ताईनेच मला वाढवलं, हेही सांगितलं. साहेब म्हणाले, "तरीही तुम्ही जे जाणवेल तेच लिहाल, याची मला खात्री आहे." असा विश्वास टाकणारा वरिष्ठ मिळायला भाग्य लागतं.

खरं सांगायचं तर ताई या बाबतीत चांगली साक्षीदार नाही. तिचं नाक पहिल्यापासून भलतंच हळवं. मी कॉलेजात असताना गल्लीच्या तोंडाशी सिगरेट विझवून, दोन पेरू खाऊन, हात धुऊन घरी यायचो, तरी ही दारातच पकडायची. अशा माणसाला जरा काही झालं की असह्यच वाटणार.

२६ मार्च

पहिली पाहणी. कारखान्याचे मॅनेजर सज्जन गृहस्थ आहेत. काचेच्या केबिनमध्ये बसवून चहा दिला. त्यांना सर्दी झालेली असावी, नाकाखाली पांढरं मलम चोपडलं होतं. कामगारांनी तोंडाला फडकी बांधली होती, ती धुळीसाठी असणार. इतकी शिस्त हल्ली कुठे दिसते?

टाक्यांपाशी गेलो. पाणी तपकिरी, वर साय धरल्यासारखं. दिसायला वाईट आहे हे मी मान्य करतो, पण दिसण्याला आकडा द्यायचा नाही. चहापारखी बाईंनी पाच लिहिला आणि मोटारीत जाऊन बसल्या. अत्तरवाल्यांनी पाच लिहिला, त्याखाली दोनदा रेघ मारली आणि कुंपणापाशी जाऊन ओकले. मी टाकीच्या काठावर वाकून नीट श्वास घेतला. शून्य.

 परतताना मोटारीत मी विषय काढला की वास हा बराचसा मनाचा खेळ असतो, आधीच नाक मुरडून गेलं की सगळीकडे घाणच येते. बाई म्हणाल्या, "साहेब, तुमच्या बुटाला ते पाणी लागलंय. काच खाली करू का?"

१० एप्रिल

ताईने बोलावलं म्हणून तिच्याकडे गेलो. दुपारी नको, संध्याकाळी वारा फिरल्यावर ये, असं बजावलं होतं. दार उघडताच तिने मला आत ओढलं आणि दाराखालच्या फटीत ओलं पोतेरं सारलं. भावोजी तोंडावर ओला टॉवेल घेऊन पलंगावर पडले होते. त्यांचा दमा फार वाढला आहे. मला बघून कष्टाने उठून बसले. "आलात? आता तुम्हीच सांगा."

ताईने एक खिडकी उघडली आणि मला तिच्यासमोर उभं केलं. तिच्या डोळ्यांतून घळघळा पाणी वाहत होतं. "घे श्वास," ती म्हणाली. "येतोय ना?"

मी मन लावून श्वास घेतला. छाती भरून घेतला, पुन्हा घेतला. बहिणीसाठी माणूस जितका प्रामाणिक प्रयत्न करेल तितका केला. काही नाही. साधी, कोरडी हवा.

"ताई, काही येत नाही गं."

"छोट्या, नीट घे."

"नीटच घेतला. अगं, तू दिवसभर त्याचाच विचार करत बसतेस. मग असं होतं. जरा बाहेर पड, कशात तरी जीव रमव. वाटलं तर एखाद्या मानसोपचाराच्या डॉक्टरला दाखवू."

"तू कारखान्यासाठी खोटं बोलतोयस का?"

"मी आयुष्यात खोटा आकडा लिहिलेला नाही!"

"तेच तर," भावोजी टॉवेलाआडून म्हणाले. "तो खोटं बोलायचा नाही. आपल्यालाच काहीतरी झालं असेल."

ताईने खिडकी लावली आणि बराच वेळ कडीवर हात ठेवून तशीच उभी राहिली. मला फार वाईट वाटलं. वय झालं की धडधाकट माणसाचंही असं होतं. मी तिला डॉक्टरांचा पत्ता लिहून दिला.

२४ एप्रिल

दुसरी पाहणी. बाई पाच, अत्तरवाले पाच, मी शून्य. माझा आकडा अंतिम.

चहापारखी बाईंनी राजीनामा दिला. कारण विचारलं तर म्हणाल्या, "मला नाक जपायचं आहे, पोट त्यावर आहे." अत्तरवाल्यांनी लेखी मतभेद नोंदवला. मी त्यावर शेरा मारला की सदस्याचं नाक दिवसरात्र अत्तरात बुडालेलं असल्याने बधिर झालेलं असणं संभवतं. शेरा साहेबांना फार आवडला. वाचताना ते खुर्चीतून पडायचेच बाकी होते.

९ मे

ताई डॉक्टरांकडे जाऊन आली. गोळ्या सुरू झाल्या आहेत. फोनवर तिचा आवाज जड येत होता, शब्द ओढल्यासारखे. वास अजून येतो का, असं मी हलकेच विचारलं. ती म्हणाली, "येतो. पण तू म्हणतोस ना येत नाही, मग मी कुणाला सांगत नाही."

सुधारणा आहे.

२२ मे

तिसरी पाहणी उरकली आणि दाखला निघाला. आपल्या राज्यातली पहिली दुर्गंधमुक्त वसाहत. वसाहतीच्या तोंडाशी हिरवी पाटी लावली, खाली माझी सही आणि हुद्दा. समारंभाला वरून पाहुणे आले होते. भाषणात ते म्हणाले की विभागातल्या वासाच्या तक्रारी निम्म्यावर आल्या, हेच धोरणाचं यश. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पाहुण्यांना लगेच दुसऱ्या कार्यक्रमाला जायचं होतं, जवळजवळ पळतच मोटारीत बसले.

ताई आली नव्हती. तिच्या खिडकीकडे बघून मी हात केला. खिडकी बंद होती.

२ जून

आज घरी नसता तमाशा झाला. मी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी अहवाल लिहीत बसलो होतो. चहा ठेवला होता तो उतू जाऊन गॅस विझला. लक्षात आल्यावर पुन्हा पेटवावा म्हणून काडेपेटी घेतली, तेवढ्यात ही बाजारातून आली. तिने पिशव्या जागीच टाकल्या आणि माझ्या हातातली काडेपेटी अशी हिसकावली की बोट मुरगळलं. मग धावत जाऊन गॅस बंद केला, दारं-खिडक्या सताड उघडल्या आणि पायरीवर जाऊन बसली.

"एवढं काय झालं?" मी विचारलं.

"अहो, खालच्या मजल्यापर्यंत गॅसचा वास येतोय!"

"मला तर आला नाही."

ही भांडली असती तर बरं झालं असतं.  ही उठून आत गेली, मला डोळे मिटायला लावले आणि नाकाखाली एकेक वस्तू धरत गेली. मी साबणाला कांदा म्हणालो आणि फिनेलला पाणी. अर्थात या खेळाला काही शास्त्रीय आधार नाही. पण हिने जेवण केलं नाही, आणि माझं बोट सोडलं नाही.

६ जून

नाक-कान-घशाच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनीही तेच केलं, फक्त बाटल्या छोट्या होत्या. मी पहिल्यांदा म्हणालो की तुमचा माल जुना झालेला दिसतो. डॉक्टरांनी एक बाटली हिच्यासमोर धरली. ही दोन पावलं मागे सरली.

तापात वासाची नस गेली, आता परत येईलसं वाटत नाही, असं ते म्हणाले. खारट, गोड, तिखट जिभेला कळतं, म्हणून पुष्कळांना पत्ताच लागत नाही, अन्न तेवढं बेचव वाटतं. मग कागदावर लिहिता लिहिता विचारलं, "काम काय करता?"

मी सांगितलं. डॉक्टर इतके हसले की बाहेरच्या बाईने दार उघडून आत बघितलं. त्यांना थट्टा वाटली. ही हसली नाही. बाहेर आल्यावर एवढंच म्हणाली, "ताईंना कोण सांगणार?"

७ जून

सकाळपासून गॅलरीत बसून आहे. मॅनेजरला सर्दी नव्हती. फडकी धुळीसाठी नव्हती. अत्तरवाले ओकले ते मनाच्या खेळाने नव्हे, आणि पाहुणे घाईत नव्हते. हे सगळं मी या वहीत माझ्याच हाताने लिहिलेलं आहे, आणि वाचताना मला माझीच शिसारी येते आहे.

आणि ताई. ती खिडकीत उभी राहून रडत होती, असं मी तेव्हा समजलो. ती रडत नव्हतीच, तिच्या डोळ्यांना झोंबत होतं. आणि मी तिला गोळ्या सुरू करायला लावल्या.

११ जून

साहेबांकडे गेलो आणि आत शिरताच सांगून टाकलं. "माझे आकडे रद्द करा. मला वासच येत नाही."

साहेबांनी दार लोटून घेतलं. "कधीपासून?"

"गेल्या वर्षीच्या तापापासून."

"म्हणजे नेमणुकीच्या आधीपासून." त्यांनी सुटकेचा निःश्वास सोडला. "मग काही अडचण नाही. नेमणुकीनंतर दोष निर्माण झाला तर आकडे रद्द होतात. आधीचा दोष निवडीच्या वेळी तपासून स्वीकारला, असं धरतात."

"तपासून?"

साहेब खिडकीबाहेर बघू लागले. "तिसरी बाटली आठवते? त्यात त्याच टाकीतलं पाणी होतं. शिपाई पळाला, मला स्वतःला भोवळ आली. तुम्ही एक लिहिलात. खोटं कशाला बोलू, मला वाटलं देवच पावला."

 साहेब समजुतीच्या सुरात पुढे म्हणाले, "हे बघा, सातव्या प्रकरणावर वरचे लोक आधीच टपून बसलेत. पहिल्याच वर्षी कारखान्याशी वाजलं असतं तर अख्खं प्रकरण गुंडाळलं असतं. आधी धोरण जगवू, मग खरी नाकं आणू. आणि तुम्ही कुठे खोटं लिहिलंत? तुम्ही तर आजवरचे सगळ्यात प्रामाणिक अधिकारी."

त्यांनी हे मनापासून म्हटलं, हेच मला सहन होईना. मी बाहेर आलो आणि जिन्याखालच्या खोलीत बसून सगळं लेखी दिलं.

२७ जून

उत्तर आलं. माझी प्रकृती लवकर सुधारो अशी खात्याची इच्छा आहे. दाखला पाच वर्षं अबाधित आहे. मी उद्यापासून परत वजनमापे कार्यालयात.

निरोपाच्या वेळी खात्याने अत्तराची बाटली भेट दिली. ही म्हणाली, महागाची दिसते.

३० जून

धीर करून ताईकडे गेलो. वाटेत दहा वेळा मनात जुळवणी केली, पण तिच्यासमोर बसल्यावर लहान पोरासारखं एका दमात सगळं बोलून मोकळा झालो. गोळ्यांचंही बोललो. ती ओरडेल, निदान एक थोबाडीत तरी ठेवून देईल, अशी माझी तयारी होती.

 ती म्हणाली, "मग जेवतोस कसा रे तू?"

मला रडू आवरेना. तीही रडली. थोड्या वेळाने डोळे पुसून हसली आणि आतल्या खोलीकडे बघून मोठ्याने म्हणाली, "अहो, ऐकलंत का? मला वेड लागलेलं नाही!" भावोजींनी आतून काहीतरी उत्तर दिलं, पण ते खोकल्यात विरलं.

गोळ्यांची पुडी तिने माझ्या हातात ठेवली. "टाकून दे जाताना."

१६ जुलै

भावोजींना दवाखान्यात ठेवलं होतं, आज घरी आणलं. डॉक्टरांनी ताईला स्पष्ट सांगितलं की या घरात राहिले तर हिवाळा काढणार नाहीत. तक्रार करायची सोय मीच बंद करून ठेवली आहे. घर विकायचं तर वासामुळे त्या गल्लीतलं घर कित्येक वर्षांत कोणी घेतलेलं नाही, आणि ते विकल्याशिवाय दुसरीकडे जाण्याची त्यांची ऐपत नाही. तुम्ही आमच्याकडे या, असं आम्ही दोघांनी परोपरीने सांगितलं. ताई म्हणाली, "चौघं त्या दोन खोल्यांत? आणि भावाच्या घरी हे मरायला येणार नाहीत, मला माहीत आहे."

मी अत्तरवाल्यांना घेऊन वर्तमानपत्राच्या कचेरीत गेलो. संपादक म्हणाले, दाखल्याची बातमी आम्ही पहिल्या पानावर छापली होती, आता उलटं कसं छापू?

५ ऑगस्ट

भावोजींची औषधं द्यायला सकाळीच ताईकडे गेलो तर तिच्याकडे पाहुणे. एक तरुण जोडपं घर बघायला आलं होतं. बाईला दिवस गेलेले दिसत होते. ताईने सगळ्या खिडक्या उघडून ठेवल्या होत्या, पडदे धुतलेले होते, भावोजींना स्वच्छ सदरा घालून खुर्चीत बसवलं होतं. सकाळी वारा पलीकडून असतो.

"आम्ही पाटी बघूनच आलो," तरुण मला म्हणाला. "सरकारी दाखला असलेली वस्ती आहे कुठे दुसरी?"

"हिच्या डॉक्टरांनी मोकळ्या हवेत राहा म्हणून सांगितलंय," असं म्हणून त्याने बायकोकडे बघितलं. ती खिडकीपाशी उभी होती आणि हसून मान डोलावत होती.

मला राहवलं नाही. "संध्याकाळी इथे वास येतो," मी म्हणालो. "फार येतो. वारा फिरला की बसवत नाही."

 तरुण म्हणाला, "पण पाटीवर तर..."

"पाटीवरची सही माझी आहे. माझं नाक तापात गेलं. मला वास येत नाही. ते आकडे चुकीचे आहेत."

त्याने माझ्याकडे बघितलं, मग बायकोकडे. त्याच्या ओठांवर हळूहळू हसू आलं, म्हाताऱ्या माणसाला दुखवू नये तसलं. "काका, तुम्हाला वास येत नाही. मग संध्याकाळी वास येतो, हे तुम्हाला कसं कळलं?"

"ही सांगते की. ताई सांगते."

सगळ्यांनी ताईकडे बघितलं. ती चहाचे कप गोळा करत होती. भावोजींनी खोकला दाबून धरला होता, त्यांचा चेहरा लाल झाला होता.

"मी?" ताई म्हणाली. "मी कधी म्हणाले?"

तिने मान वर केली नाही. "धाकटा भाऊ आहे माझा. आजारपणापासून हे एक त्याच्या डोक्यात बसलंय. तुम्ही मनावर घेऊ नका."

तरुण माझ्याजवळ येऊन हलक्या आवाजात म्हणाला, "घर तुम्हाला हवं असेल तर बहिणीशी सरळ बोला ना काका. आम्हाला कशाला घाबरवता?" त्याच्या बायकोने जाता जाता ताईचा हात हातात घेतला आणि म्हणाली, किती छान वारा येतो हो तुमच्याकडे.

मी दिवसभर तिथेच राहिलो. ताई माझ्याशी बोलली नाही. जेवायला वाढलं, भावोजींची छाती शेकली, कपाट आवरायला काढलं. संध्याकाळी ती खिडकीशी येऊन उभी राहिली, तेव्हा मी म्हणालो, "ताई, ती पोरगी..."

"दिसलं मला. डोळे आहेत मला." ती म्हणाली, "मी खरं बोलत होते तेव्हा माझं कुणी ऐकलं, छोट्या? तूसुद्धा नाही."

 खिडकीचा पडदा आत फुगला. मला नेहमीसारखंच काही कळलं नाही. पण ताईचे डोळे भरून आले आणि आतून भावोजींनी टॉवेल मागितला.

"आता किती आहे?" तिने मला विचारलं. "सांग. आकडा सांग."

मी तिच्या तोंडाकडे बघितलं. "पाच."

तिने मान हलवली आणि खिडकी लावून घेतली. "उद्या ते पैसे द्यायला येणार आहेत," ती म्हणाली. "सकाळीच बोलावलंय. तू येऊ नकोस."